मोठी मरी, १३४७ ते १३५३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगातल्या प्लेगचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. चोचीचा मुखवटा, मांजरं, विहिरीत विष, मेलेल्यांचा आकडा. आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "त्या काळचे लोक अडाणी, दुसरं काय करणार!" माझं भांडण आहे ते या वाक्याशी. जंतू ही कल्पनाच नसलेल्या जगात, नुसत्या डोळ्यांना दिसलं त्यावरून त्यांनी जे ताडलं ते थोडंथोडकं नव्हतं. जिथे चुकले तिथे भयंकर चुकले, आणि तेही खाली आलं आहे.

"काळा मृत्यू" हे नाव तेव्हाचंच का?

नाही. तेव्हाचे लोक नुसतं "मरी" म्हणत, किंवा "मोठी मरी". लॅटिन, इटालियन, इंग्रजी कागदांत याच अर्थाचे शब्द सापडतात. "काळा" हे विशेषण खूप नंतर चिकटलं, आणि इंग्रजी पुस्तकांत ते रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. शरीर काळं पडायचं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात, पण काळा म्हणजे भीषण हा अर्थ जास्त जवळचा वाटतो. आपल्याकडे मरीआई असल्यामुळे "मरी" हा शब्द मराठी कानाला लगेच पटतो. इथे मी तोच वापरणार आहे.

हा रोग म्हणजे प्लेगच होता, याची खात्री काय?

आता खात्री आहे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला, म्हणून त्याचं नाव येर्सिनिया पेस्टिस. पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. तरीही चौदाव्या शतकातली साथ त्याच जंतूची होती का, यावर बरीच वर्षं वाद चालला. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड भागात १३४८-४९ मधल्या साथीसाठी खास केलेलं कब्रस्तान आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून या जंतूचा जवळजवळ पूर्ण जनुकीय आराखडा २०११ मध्ये मिळाला आणि तो वाद मिटला.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. आमची पणजी प्लेगच्या आठवणी सांगायची तेव्हा पहिलं वाक्य हमखास असायचं, "उंदीर पडायला लागले." उंदीर पडले की भांडीकुंडी गोळा करायची आणि माळावर झोपड्या घालायच्या. चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या वर्णनांत हे पडलेले उंदीर फारसे दिसत नाहीत. त्यामुळे तिकडे माणसाच्याच अंगावरच्या पिसवा आणि उवा यांनीही रोग पसरवला असावा, असं काही संशोधक मानतात.

आला कुठून आणि कसा पसरला?

आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या वस्त्या होत्या. तिथल्या कब्रस्तानात १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांचे दगड एकदम वाढलेले दिसतात, आणि त्यांतल्या काहींवर सुरियानी लिपीत "मरीने गेला" असं कोरलं आहे. या कबरींतल्या दातांतही प्लेगचा जंतू सापडल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. तिथून काळ्या समुद्रापर्यंतचा प्रवास नेमका कसा झाला याचे दुवे अजून जुळवले जात आहेत.

पुढचा रस्ता मात्र स्वच्छ दिसतो, कारण तो जहाजांचा आहे. काळ्या समुद्रावरचं काफा बंदर, कॉन्स्टँटिनोपल, मग ऑक्टोबर १३४७ मध्ये सिसिलीतलं मेसिना. तिथून मार्सेय, जिनोआ, पिसा. १३४८ च्या जानेवारीत आविन्यों, जिथे तेव्हा रोम सोडून पोप राहायचा, वसंतात फ्लॉरेन्स, उन्हाळ्यात पॅरिस आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मेलकम. १३४९ मध्ये नॉर्वे, आणि १३५३ च्या सुमारास मॉस्को. धान्य जिथे पोहोचलं तिथे मरी पोहोचली.

काफाच्या तटावरून मंगोलांनी प्रेतं आत फेकली, हे खरं का?

ही गोष्ट सांगतो पिआचेन्झाचा एक नोटरी, गाब्रिएले दे मुस्सी. १३४६ मध्ये जानी बेगच्या फौजेने काफाला वेढा घातला होता, छावणीत मरी शिरली, तेव्हा मेलेल्यांना गोफणयंत्रांत घालून शहरात फेकलं, असं तो लिहितो. पण तो स्वतः बहुधा इटलीतच होता. तसं घडलंही असेल. तरी वेढ्याच्या बाहेरून आत जायला उंदराला गोफण लागत नाही.

रोग्याला नेमकं काय व्हायचं?

आधी हुडहुडी आणि ताप. मग जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तशीच ही गाठ यायची, पण अंडं किंवा सफरचंदाएवढी फुगायची आणि हात लावू द्यायची नाही. फ्लॉरेन्सचा लेखक बोकाच्चो याने हे माप दिलं आहे. पुढे अंगावर काळे-जांभळे डाग उठायचे. गाठ फुटून पू वाहून गेला तर माणूस वाचायची आशा असायची. दुसऱ्या प्रकारात गाठ येतच नसे. खोकला आणि थुंकीतून रक्त यायचं.

हे दोन प्रकार वेगळे आहेत, हे तेव्हाच एकाने लिहून ठेवलं. पोपचा वैद्य गी द शोलियाक आविन्योंमध्ये होता. पहिले दोन महिने रक्त थुंकण्याचा प्रकार चालला आणि त्यात तीन दिवसांत माणूस जायचा, नंतर गाठींचा प्रकार आला आणि त्यात पाच दिवस लागायचे, असं तो सांगतो. पळून जायची इच्छा होती पण अब्रूच्या भीतीने थांबलो, हेही तो कबूल करतो. शेवटी त्याला स्वतःला गाठ आली, सगळ्यांनी आशा सोडली, आणि तो उठला. आजच्या वैद्यकातही फुप्फुसाचा प्लेग आणि गाठीचा प्लेग असे हे दोन प्रकार आहेत. जंतूचं नाव सोडलं तर या माणसाच्या निरीक्षणात फारशी भर घालायची राहत नाही.

किती माणसं मेली?

युरोपची एक तृतीयांश ते निम्मी, असा अंदाज सर्रास दिला जातो. सगळीकडे सारखी मेली नाहीत. फ्लॉरेन्स आणि सिएना अर्धीअधिक रिकामी झाली, तर मिलान पहिल्या फेऱ्यात बरंच बचावलं.

त्या काळच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. बोकाच्चो फ्लॉरेन्समध्ये एक लाखाहून जास्त गेले म्हणतो, आणि अख्ख्या शहराची वस्तीच साधारण तेवढी होती. या आकड्यांचा अर्थ "मोजता येईना" एवढाच घ्यावा. खरा हिशेब मिळतो तो रुक्ष कागदांत. इंग्लंडमध्ये पाद्री मेला की त्याच्या जागी नवा नेमल्याची नोंद बिशपच्या वहीत व्हायची. त्या नोंदींवरून बऱ्याच भागांत चाळीस टक्क्यांच्या वर पाद्री गेल्याचं दिसतं. लंडनमध्ये १३४९ साली नोंदलेली मृत्युपत्रं एरवीच्या वर्षाच्या दहापटींहून अधिक आहेत.

याचं कारण काय आहे असं त्यांना वाटायचं?

देवाचा कोप, हे झालंच. पण तेवढ्यावर कुणी थांबलं नाही. फ्रान्सच्या राजाने पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेला विचारलं आणि ऑक्टोबर १३४८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. २० मार्च १३४५ रोजी दुपारी एकच्या सुमारास कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली, तिने जमिनीतून आणि पाण्यातून दूषित वाफा ओढून घेतल्या, त्या वाफांनी हवा बिघडली, आणि बिघडलेली हवा हृदयात शिरून माणसं मरतात, असा तो अहवाल सांगतो.

आपण हसायच्या आधी थोडं थांबावं. पत्रिकेत शनी-मंगळ बघून मुहूर्त काढणारी माणसं आपल्या घरात आहेत, हा एक भाग झाला. दुसरं असं की हवा बिघडते या समजुतीतून पुढे जे उपाय निघाले त्यांतले बरेचसे कामाचे होते: घाण उचला, खाटकांचा आणि चामडं कमावणाऱ्यांचा कचरा गावाबाहेर न्या, रोग्याच्या खोलीत गर्दी करू नका. उत्तर चुकलं होतं, पण त्यातून निघालेलं काम चुकलं नव्हतं.

आणि डोळ्यांनी बघणारेही होते. बोकाच्चो सांगतो, मेलेल्या एका गरीब माणसाच्या चिंध्या रस्त्यावर फेकलेल्या होत्या. दोन डुकरांनी त्या दातांत धरून झटकल्या आणि थोड्या वेळात विष खाल्ल्यासारखी गिरक्या घेत त्याच चिंध्यांवर मरून पडली. डुकरांचं खरंखोटं देव जाणे, पण रोग कपड्यांतून जातो हे त्याच्या लक्षात आलं होतं. कपड्यांत काय असतं? पिसवा.

वैद्य काय उपचार करायचे? आणि तो चोचीचा मुखवटा?

मुखवटा मध्ययुगातला नाही. तो पोशाख सतराव्या शतकातला, फ्रेंच दरबारी वैद्य शार्ल द लोर्मच्या नावावर सांगितला जातो. १३४८ च्या कुठल्याही चित्रात तो दाखवला असेल तर चित्रकाराने गल्लत केली आहे असं खुशाल समजा.

उपचार म्हणजे शीर तोडून रक्त काढणं, जुलाब, थेरियाक नावाचं अनेक द्रव्यांचं महागडं औषध, सुगंधी लाकडांचा धूर. गाठीसाठी गी द शोलियाकची कृती अशी: अंजीर आणि शिजवलेला कांदा कुटून, त्यात यीस्ट आणि लोणी घालून पोटीस बांधायचं, गाठ पिकवायची आणि मग फोडायची. आपल्या आजीने गळवावर कांदा भाजून बांधलाच असेल. गरम पाण्याने आंघोळ करू नका, त्वचेची भोकं उघडतात आणि वाईट हवा आत शिरते, असाही सल्ला होता.

सगळ्यात पटणारा सल्ला तीन लॅटिन शब्दांचा होता: लवकर नीघ, लांब जा, उशिरा परत ये. ज्यांची खेड्यात वाडी होती त्यांना तो परवडला. सगळे वैद्य पळाले नाहीत. जेन्तिले दा फोलिन्यो हा तेव्हाचा नावाजलेला प्राध्यापक पेरुजात रोगी बघत राहिला आणि जून १३४८ मध्ये त्यातच गेला.

आईबापांनी पोटची पोरं टाकली, असं वाचलं. खरं?

लिहिलेलं आहे, आणि एकाने नाही, अनेकांनी. पण त्यातला एक उतारा नीट वाचण्यासारखा आहे. सिएनाचा इतिवृत्तकार आन्योलो दी तूरा लिहितो की बाप लेकराला सोडून गेला, बायको नवऱ्याला, भाऊ भावाला. श्वासातून आणि नुसत्या नजरेतून रोग लागतोय असं वाटायचं. पैसे देऊनही कुणी प्रेताला खांदा देईना. खड्डे खणले, त्यांत रात्रंदिवस माणसं टाकली, खड्डा भरला की दुसरा खणला. काही प्रेतांवर माती इतकी कमी पडली की कुत्र्यांनी ती ओढून काढली. आणि याच उताऱ्यात, अगदी सहज, तो म्हणतो: मी, आन्योलो दी तूरा, ज्याला लठ्ठ म्हणतात, मी माझी पाच पोरं माझ्या हातांनी पुरली.

बाप पोरांना सोडून पळाले हे सांगणारा माणूस स्वतः पळाला नव्हता. मला वाटतं, इतिहासकारांच्या वह्यांत पळालेल्यांची संख्या फुगते ती यामुळेच. जो थांबतो त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. बोलोन्यातल्या नोटरींचे कागद याला दुजोरा देतात. मरीच्या ऐन महिन्यांतही मृत्युपत्रं होत राहिली, नोटरी रोग्याच्या घरी जात राहिले, शेजारीपाजारी साक्षीला येऊन उभे राहिले. पॅरिसच्या मोठ्या इस्पितळातल्या जोगिणींबद्दल तिथला एक इतिवृत्तकार लिहितो की त्यांनी मरणाची पर्वा न करता शुश्रूषा केली. त्या मरत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या येत गेल्या.

पळाले नाहीत असं नाही. खूप पळाले. पण "सगळे पळाले" हे वाक्य लिहिण्यासाठीसुद्धा कुणीतरी मागे राहावं लागतं.

एवढ्या प्रेतांचं काय केलं?

फ्लॉरेन्सचा इतिवृत्तकार स्तेफानी सांगतो की चर्चच्या आवारात पाण्याला लागेपर्यंत खोल खड्डे खणले. रात्री मेलेल्यांना त्यात टाकायचं, सकाळी वर माती, मग दुसरा थर, पुन्हा माती. लासान्या नावाच्या इटालियन पदार्थात पोळ्यांवर चीज घालत थर लावतात तशी, असं तो म्हणतो. स्वयंपाकघरातली उपमा आहे म्हणून ती अंगावर येते. प्रेतं उचलणाऱ्यांनी मजुरी किती वाढवली आणि मेणबत्त्यांचं मेण कसं महागलं, हेही त्याच्याकडे आहे. आविन्योंमध्ये जागा पुरेना तेव्हा पोपने रोन नदीच पवित्र करून घेतली, म्हणजे तिच्यात सोडलेल्या प्रेतालाही पवित्र भूमीत पुरल्याचं पुण्य.

लंडनचं ईस्ट स्मिथफील्ड मात्र वेगळं चित्र दाखवतं. १९८० च्या दशकात तिथे उत्खनन झालं. चर खणलेले आहेत, काही ठिकाणी पाच-पाच थर आहेत. पण प्रेतं फेकलेली नाहीत. ओळीने, उताणी, डोकं पश्चिमेला ठेवून निजवलेली आहेत, काही तर शवपेटीत. शहर अर्धं मरत असताना कुणीतरी खड्ड्यात उतरून प्रत्येकाचं डोकं योग्य दिशेला करत होतं.

चर्च काय करत होतं?

मिरवणुका, उपवास, प्रार्थना. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला मरणाहून मोठी भीती होती ती पापाची कबुली न देता मरण्याची. पाद्रीच मेले तर कबुली ऐकणार कोण? बाथ आणि वेल्सचा बिशप राल्फ याने जानेवारी १३४९ मध्ये पत्रक काढलं: पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने कुणाही सामान्य माणसापाशी कबुली द्यावी, आणि पुरुष जवळ नसेल तर बाईपाशीसुद्धा चालेल. त्या काळी हे वाक्य लिहायला बिशपला किती जड गेलं असेल! सोवळंओवळं मानणाऱ्या घरात वाढलेल्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

पोप सहावा क्लेमेंट आविन्योंत दोन मोठ्या शेकोट्यांच्या मधे बसून राहायचा, वैद्यांनी हवा शुद्ध ठेवायला सांगितलं म्हणून. हास्यास्पद दिसतं, पण तो वाचला. आगीजवळ उंदीर आणि पिसवा फिरकत नाहीत.

स्वतःला चाबकाने फोडून घेणाऱ्यांचं काय?

हे लोक मुख्यतः जर्मन मुलखात आणि फ्लँडर्समध्ये फिरले. येशूच्या आयुष्याच्या वर्षांएवढे म्हणून साडेतेहतीस दिवस व्रत असायचं. तेवढ्या दिवसांत कपडे बदलायचे नाहीत, बाईशी बोलायचं नाही, दिवसातून दोनदा चौकात उघड्या पाठीवर खिळे लावलेल्या चाबकाने मारून घ्यायचं. १३४९ च्या शरदात सहाशेहून अधिक जण लंडनलाही आले, पण इंग्रजांनी नुसतं बघून घेतलं. कमरेवर कोरडे ओढणारा कडकलक्ष्मीवाला दारात येतो तेव्हा आपणही बघतोच. फरक असा की तिकडे हे जथे पाद्र्यांना जुमानेनासे झाले आणि काही गावांत ज्यूंवर लोकांना भडकवू लागले. ऑक्टोबर १३४९ मध्ये पोपने त्यांच्यावर बंदी घातली.

ज्यूंना का मारलं?

विहिरीत विष टाकलं हा आरोप. सप्टेंबर १३४८ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात काही ज्यूंना पकडून हालहाल केले आणि "कबुल्या" घेतल्या. त्यांच्या नकला शहरोशहरी धाडल्या गेल्या. जानेवारी १३४९ मध्ये बाझेलच्या ज्यूंना ऱ्हाईनमधल्या एका बेटावर लाकडी घरात कोंडून जाळलं. स्ट्रासबर्गच्या नगरमंडळाने आरोप मानला नाही, तर कारागिरांच्या संघांनी मंडळच उलथवलं आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी ज्यूंना त्यांच्याच कब्रस्तानात जाळलं. स्ट्रासबर्गला तोवर मरी आलेलीही नव्हती.

मग ज्यू सावकारांकडचे कर्जाचे कागद आणि गहाण वस्तू ज्याच्या त्याला परत गेल्या, आणि रोकड कारागिरांत वाटली. तिथल्याच एका इतिवृत्तकाराने लिहिलं आहे की ज्यूंना मारणारं खरं विष ते हेच.

इथे "त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं" ही सबब चालत नाही. १३४८ मध्येच पोप क्लेमेंटने जाहीर केलं होतं की मरी ज्यूंनाही मारते आहे, आणि जिथे ज्यू राहतच नाहीत अशा मुलखातही ती आहे, तेव्हा हा आरोप टिकत नाही. युक्तिवाद सरळ आहे, कुणालाही समजेल असा. समजून न घेण्यात ज्यांचा फायदा होता त्यांनी तो समजून घेतला नाही.

मुसलमान मुलखांत काय झालं?

तिथेही तेवढीच वाताहत. अलेक्झांड्रिया, कैरो, दमास्कस, ट्युनिस. पुढे मोठा इतिहासकार झालेल्या इब्न खल्दूनचे आईवडील ट्युनिसच्या साथीत गेले तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. अलेप्पोच्या इब्न अल-वर्दीने मरीवर प्रबंध लिहिला आणि १३४९ मध्ये मरीनेच मेला. रोग आहे त्या गावात जाऊ नका, आणि तुम्ही असाल त्या गावात रोग आला तर तिथून पळू नका, असं पैगंबरांचं वचन आहे. हाही एक प्रकारचा विलगीकरणाचा नियमच. रोग संसर्गाने पसरतो असं म्हणणं धर्माला धरून नाही, असं बऱ्याच पंडितांचं मत होतं. ग्रॅनाडाच्या इब्न अल-खतीबने मात्र अनुभवाचा दाखला देत ठणकावलं की संसर्ग आहेच.

मला सगळ्यात आवडतं ते इब्न बतूताने दमास्कसचं केलेलं वर्णन. होय, दौलताबादला राहून गेलेला तोच प्रवासी, देवगिरीच्या तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर असतात असं लिहिणारा. जुलै १३४८ च्या अखेरीस दमास्कसमध्ये तीन दिवसांचा उपवास पुकारला गेला, बाजारात चूल पेटवायला मनाई झाली. शुक्रवारी पहाटे नमाज झाल्यावर सगळं शहर अनवाणी निघालं: मुसलमान कुराण घेऊन, ज्यू त्यांचा तोरा हा धर्मग्रंथ घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, बायकापोरांसकट. शहराबाहेरच्या मशिदीपाशी दुपारपर्यंत रडत करुणा भाकली. आणि तिकडे सहा महिन्यांनी स्ट्रासबर्ग पेटायचं होतं.

सरकार नावाचं काही होतं का? त्यांनी काय केलं?

इटलीतल्या शहरांनी बरंच केलं. व्हेनिसने मार्च १३४८ मध्येच तिघांची आरोग्य समिती नेमली. पिस्तोइयाचे मे १३४८ चे नियम कागदावर शिल्लक आहेत, आणि टाळेबंदी अनुभवलेल्या आपल्या पिढीने ते वाचावेतच. पिसा आणि लुक्काला जायचं नाही, तिथून कुणी यायचं नाही. जुने कपडे शहरात आणायचे नाहीत. प्रेत झाकण ठोकलेल्या लाकडी पेटीतच न्यायचं. अंत्ययात्रेला ठरावीक माणसंच. सुतकाचे नवे कपडे शिवायचे नाहीत, मेलेल्याच्या बायकोला तेवढी सूट. घंटा वाजवायची नाही, कारण दिवसभर घंटा ऐकून आजारी माणूस हाय खातो. मग त्याच महिन्यात प्रवासबंदी मागे घेतली. रोग आधीच आत आला होता आणि व्यापार बसला होता. हेही ओळखीचंच!

खरी नवी कल्पना काढली रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने. १३७७ मध्ये त्यांनी ठरवलं की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात शिरण्याआधी मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी महिनाभर थांबावं. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतल्या "चाळीस" वरून क्वारंटाइन हा शब्द आला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं इस्पितळ काढलं. यातलं काहीही सूक्ष्मदर्शकातून बघून सुचलेलं नाही.

पोपने मांजरं मारायला लावली म्हणून उंदीर वाढले ना? आणि "रिंगा रिंगा रोझेस"?

दोन्हीही नाही. मांजरांच्या सामूहिक कत्तलीचा पुरावा नाही. ते इंग्रजी बालगीत छापील स्वरूपात १८८१ मध्ये दिसतं, आणि त्याचा प्लेगशी जोडलेला अर्थ विसाव्या शतकातला आहे. मुलांना बिनघोर गाऊ द्या.

भारतात ही मरी आली होती का?

महंमद तुघलकाची फौज १३३५ च्या सुमारास वारंगळला रोगाने कोसळली आणि त्याला दौलताबादला परतावं लागलं, हे खरं. पण तो रोग प्लेगच होता असं सिद्ध करणारा पुरावा नाही, म्हणून मी ते या साथीला जोडत नाही.

आपल्या आठवणीतला प्लेग म्हणजे १८९६ चा. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे पुणे, रँड, चाफेकर बंधू, आणि रोग्याची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले. जंतू तोच, साडेपाचशे वर्षांनंतरचा. आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रोगी सापडले, तेही आधी उंदीर पडल्यावर. तोवर प्रतिजैविकं हाताशी होती. वेळेत दिली तर गाठीचा प्लेग बरा होतो; उपचाराविना निम्म्याहून अधिक रोगी जातात, आणि फुप्फुसाच्या प्लेगात जवळजवळ सगळेच.

वाचलेल्यांचं पुढे काय झालं?

हात कमी झाले आणि मजुरी वाढली. इंग्लंडमध्ये राजाने जून १३४९ मध्येच हुकूम काढला की साथीआधीच्याच दराने काम करायचं, आणि १३५१ मध्ये त्याचा कायदा झाला. कायदा आहे याचा अर्थच असा की कुणी ऐकत नव्हतं. जमीनदाराच्या शेतावर वेठ करणारा कुळवाडी आता शेजारच्या जमीनदाराकडे जास्त दराने जायला तयार होता, आणि तो त्याला ठेवून घ्यायलाही. १३६३ मध्ये कुणी कुठलं कापड घालावं याचाही कायदा आला, कारण नोकरमाणसं चांगलं नेसू लागली होती. १३८१ चा इंग्लंडमधला शेतकऱ्यांचा उठाव याच ताणातून आलेला आहे.

भावांची उलथापालथ ऐन मरीतच सुरू झाली होती. लेस्टरचा इतिवृत्तकार नाइटन लिहितो की चाळीस शिलिंगांचा घोडा पावणेसात शिलिंगांना मिळायचा, कारण मालमत्तेची फिकीर करायला कुणी उरलं नव्हतं, आणि गुरंमेंढरं राखणीविना शेतांत भटकायची. त्यानेच सांगितलेली आणखी एक गोष्ट: इंग्रज मरताहेत हे बघून स्कॉट लोक खूष झाले, सेलकर्कच्या रानात स्वारीसाठी जमले, आणि मरीने त्यांना तिथेच गाठलं.

सिएनाला गेलात तर कॅथेड्रलच्या बाजूला एक उंच, एकटीच उभी असलेली भिंत दिसेल. जगातलं सगळ्यात मोठं चर्च बांधायला काढलं होतं. १३४८ मध्ये काम थांबलं ते थांबलंच.

पुन्हा आली का?

आली. १३६१ मध्ये, आणि त्या खेपेला लहान मुलं इतकी गेली की तिला पोरांची मरी म्हणत. मग दर दहा-पंधरा वर्षांनी कुठे ना कुठे. १६६५ चं लंडन आणि १७२० चं मार्सेय हे त्याच साखळीतले बरेच पुढचे मोठे दुवे. पहिल्या मरीबद्दल खूप लिहिलं जातं, पण मला वाटतं दुसरीने लोक जास्त खचले. एकदाच येऊन गेलेलं संकट देवाचा कोप म्हणून स्वीकारता येतं. तेरा वर्षांनी ते पुन्हा दारात उभं राहिलं की काय म्हणायचं?

त्या माणसांनी स्वतः लिहिलेलं काही बघायला मिळतं का?

आयर्लंडमधल्या किलकेनीचा संन्यासी जॉन क्लिन १३४९ मध्ये लिहीत होता. आजूबाजूला सगळे मरत होते आणि तो स्वतःही वाट बघत होता. पुढे कुणी माणूस उरलाच तर त्याने हे काम चालवावं, म्हणून मी कोरा चर्मपत्राचा भाग ठेवून जातो आहे, असं त्याने लिहिलं. त्यानंतर थोडंच आहे, आणि मग दुसऱ्या हाताने केलेली टीप: लेखक इथे मेला असं दिसतं.

आणि इंग्लंडमधल्या ॲशवेल गावच्या चर्चच्या मनोऱ्यात भिंतीवर टोकदार हत्याराने लॅटिन ओळी खरवडल्या आहेत. कुणाच्या हातच्या ते माहीत नाही. लॅटिन यथातथाच, पण सालं पद्यात बसवलेली आहेत. पहिली मरी तेराशे पन्नासात एक कमी असताना. पन्नास साली उरली ती हलक्यातली हलकी माणसं, साक्षीला. आणि अखेरीस, १३६१ साली, संत मॉरच्या दिवशी, जगभर घोंघावत गेलेला मोठा वारा.